कोण पाहिजे?

गाव घरांनी बनत नाही, दोन घरांच्या मधे जी जागा उरते तिनं बनतं, असं माझं ठाम मत आहे. खरं सांगायचं तर हे मत माझं नाही, माझ्या भाच्याचं आहे. आणि तसं पाहिलं तर त्याचंही नाही. भाचा आर्किटेक्ट आहे, म्हणजे लोकांना घरं बांधून देतो आणि स्वतः भाड्यानं राहतो. त्यानं मला सांगितलं, की डेन्मार्कमधल्या यान गेल नावाच्या वास्तुविशारदानं १९७१ साली एक पुस्तक लिहिलं. इमारतींवर नव्हे, इमारतींच्या मधे जे काही चालतं त्यावर.

"मामा, सगळे घर बघत होते, या माणसानं अंगण बघितलं," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, आमच्या साताऱ्यात हे काम प्रत्येक आळीत एकेक माणूस करत असे. फक्त त्याला कोणी वास्तुविशारद म्हणत नसे, रिकामटेकडा म्हणत."

पण गेलसाहेबांचं म्हणणं ऐकल्यावर मी थोडा गप्प झालो. त्यांचं म्हणणं असं, की घराबाहेर पडलेला माणूस तीन तऱ्हेच्या गोष्टी करतो. पहिल्या, कराव्याच लागतात अशा. उदाहरणार्थ कचेरी आणि दळण. दुसऱ्या, वाटलं तर करायच्या. जरा पाय मोकळे करणं, उन्हाला बसणं. तिसऱ्या, चार माणसं आसपास आहेत म्हणून आपोआप होणाऱ्या. गप्पा, पोरांचे खेळ, नुसतं एकमेकांकडे बघणं. आता जागा कितीही भिकार असली तरी पहिल्या तऱ्हेची कामं चालूच राहतात, कारण दळण टळत नाही. बंद पडते ती दुसरी तऱ्हा. आणि दुसरी बंद पडली की तिसरी तिच्यामागोमाग जाते. कोपनहेगनमध्ये १९६२ साली भर बाजारातला एक रस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा आपल्या थंड देशात रस्त्यात कोण बसणार, अशी शंका तिथल्या लोकांनीही काढली होती. पण बसायला जागा झाल्यावर लोक बसले. डेन्मार्कची माणसं झाली तरी शेवटी माणसंच.

मी मूळचा सातारचा. साताऱ्यात सपाट असं काही नाही. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वसवलं, पेठांना वारांची नावं दिली. पण पेठ सोमवार असो की शनिवार, चढ मात्र सातही दिवसांचा. चढ आला की दम लागतो, दम लागला की माणूस थांबतो, आणि थांबला की त्याला टेकायला काहीतरी लागतं. सातारी वाड्यांना ओटे असत त्याचं मूळ कारण हे, असं आपलं माझं मत. (हे मात्र माझंच. भाच्याला मान्य नाही.) गावाची संस्कृती फुप्फुसावर अवलंबून असते, ही गोष्ट अजून कोणा पंडितानं लिहिलेली नाही.

आमच्या वाड्याचा ओटा चांगला दोन हात रुंद, काळ्या दगडाचा, बसून बसून गुळगुळीत झालेला होता. सकाळी भाजीची पाटी डोईवर घेऊन खेड्यातून बायका यायच्या. "वाईच टेकते गं माई," म्हणून पाटी ओट्यावर उतरायची. मग पोस्टमन. मग सायकलची चेन पडलेला एखादा मास्तर. वर्षातून दोनदा कल्हईवाला वाड्याशेजारच्या बोळात भाता मांडायचा आणि आळीतली सगळी पोरं नवसागराचा धूर खात त्याच्याभोवती उभी राहायची. संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसत. त्यांच्याकडे लोक कामासाठी येत नसत, हे त्यांचं मोठेपण होतं.

आजोबांचा एक नियम होता. ओट्यावर बसलेल्या अनोळखी माणसाला "कोण पाहिजे?" असं विचारायचं नाही. "पाणी आणू का?" असं विचारायचं. मी एकदा विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "कोण पाहिजे म्हटलं की बसलेला माणूस उठतो. पाणी म्हटलं की उभा असलेला बसतो." एवढं बोलून त्यांनी तपकीर ओढली. तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर तपकीर ओढायची त्यांची पद्धत होती. त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येत नसे; तो शिंकत असे.

नोकरीनं मला सांगलीत आणलं आणि लग्नानं सांगलीत ठेवलं. आमच्या सौभाग्यवती गावभागातल्या. लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनी वडिलांना सांगितलं होतं, "आम्ही काही परके नव्हे. आम्हीसुद्धा पूर्वी सातारचेच." ते खोटं नव्हतं. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली ठेवलं. म्हणजे आमच्या लग्नाच्या अगोदरच वाटण्या झाल्या होत्या, आणि अजून त्या चालू आहेत.

सांगली सपाट. माणसाला थांबायला दम हे कारणच नाही. मग सांगलीकरानं थांबण्यासाठी भडंग काढलं, भेळ काढली, गणपतीच्या देवळात जाण्याचा परिपाठ काढला, आणि अगदीच काही नसलं तर आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी किती चढलं ते बघायला सुरुवात केली. आणि सांगलीनं मला एक गोष्ट शिकवली, की रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. हरिपूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मोकळ्या माळासारख्या जागेवर मी खुशाल फतकल मारून बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही हळदीवर बसलाय." जमिनीच्या पोटात हळदीची पेवं होती. तोंड लहान, पोट मोठं, आणि आत वर्षानुवर्षं न किडता राहणारी हळद. २००५ च्या पुरात पाणी शिरून अशी पुष्कळ पेवं गेली. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही; कोंडलेली हवा जिवावर बेतते, म्हणून ती आधी जाऊ देतात. पुढे सोसायटीच्या सभांना जायला लागलो तेव्हा मला या रिवाजाची फार आठवण यायची.

आमची सोसायटी विश्रामबागेकडची. दोन इमारती, आणि त्यांच्या मधे बारा-पंधरा फुटांची पट्टी. नकाशात या पट्टीला 'सामासिक अंतर' म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं, व्याकरणातला समास. मग कळलं, की हा वहीतला समास. शाळेत मास्तर सांगायचे, डाव्या हाताला समास सोडा, तिथं काही लिहू नका. आम्ही नाही लिहायचो. मास्तर मात्र आम्हांला मिळायचा तो शेरा बरोबर तिथंच लिहायचे. मजकूर आमचा, समास मास्तरांचा.

तर आमच्या समासात एक कडुलिंब होता आणि कडुलिंबाखाली एका सभासदानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं सिमेंटचं बाक. त्या बाकावर सभासद सोडून सगळे बसत. दुपारी घरकामाच्या बायका तिथं डबा सोडत. पार्सलं पोहोचवणारी पोरं डोक्यावरचं शिरस्त्राण मांडीवर घेऊन पाच मिनिटं मोबाइल बघत. आणि रोज तीनच्या सुमाराला एक म्हातारा येई. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. तो पाचपर्यंत बसे आणि जाई. झोपत नसे, विडी ओढत नसे, कोणाशी बोलत नसे. एके दिवशी आमच्या सेक्रेटरींनी त्याला विचारलं, "आजोबा, कोण पाहिजे?"

तो म्हणाला, "कोन न्हाई. बसलोय."

या उत्तरानं सोसायटी हादरली. तो चोर असता तर आम्हांला समजलं असतं. चोराला काहीतरी पाहिजे असतं. भिकारी असता तर समजलं असतं. वर्गणी मागणारा असता तर फारच चांगलं समजलं असतं, कारण सध्या मंडळांचं पेव फुटलेलं आहे. पण ज्याला कोणीही नको आणि काहीही नको, असा माणूस आपल्या आवारात रोज दोन तास बसतो म्हणजे काय? खास सभा भरली. सेक्रेटरी काही दुष्ट माणूस नव्हेत. त्यांनी सांगितलेली कारणं खोटी नव्हती. दोन सायकली गेल्या होत्या. पानाच्या पिचकाऱ्या होत्या. रात्री दोन मुलं बाटली घेऊन बसलेली सापडली होती. पण यातलं काहीच म्हाताऱ्यानं केलेलं नव्हतं. तरी ठराव झाला, की बाक तिथून हलवून पाण्याच्या टाकीमागे ठेवण्यात यावं. सूचक कोण ते सांगत नाही. अनुमोदक मी.

मी अनुमोदन का दिलं? विचार करून दिलं असतं तर निदान समर्थन करता आलं असतं. सभा लांबली होती, चहा गार होत होता, आणि कोणीतरी "अनुमोदन?" असं म्हणाल्यावर माझा हात आपोआप वर गेला. शाळेत चाळीस वर्षं मुलांचे हात वर करून घेतले, त्याची ही फळं.

दुसऱ्या दिवशी तीनला मी गॅलरीत होतो. म्हातारा आला. बाक जिथं होतं तिथं उभा राहिला. जमिनीवर चार पायांचे चार ठसे उरले होते, ते त्यानं बघितले. मग वर बघितलं. मी वाळत घातलेल्या लुंगीच्या मागे झालो. तो गेला, आणि परत आला नाही. आठवडाभरात त्या जागेवर एक मोटार येऊन उभी राहिली. ती सकाळी बसे ती रात्रीपर्यंत बसे. तिला मात्र कोणी विचारलं नाही, "कोण पाहिजे?" आपल्याकडे मोटार बसलेली चालते, माणूस बसलेला चालत नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण २०१९ चा ऑगस्ट आला.

कृष्णेच्या पाण्याची सांगलीला मोजदाद आहे. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या पुरात माणसं गेली, गुरं गेली, संसार गेले. त्याची थट्टा करण्याइतका मी मोठा विनोदी लेखक नाही. मी फक्त माझी फजिती सांगतो. सासूबाई नव्वदीच्या, गावभागातलं घर सोडायला तयार नाहीत, म्हणून आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो आणि तिथंच अडकलो. "मारुती चौकात पाणी आलं," म्हणेपर्यंत ते जिन्यावर आलं. दोन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर. समोरच्या गच्चीवरचे लोक, ज्यांच्याशी मेहुण्याचं भिंतीवरून सात वर्षं भाषण नव्हतं, त्यांनी दोरीवरून दुधाची पिशवी पाठवली. मधली भिंत पाण्याखाली गेल्यावर भांडायला मुद्दाच उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बोट आली. जागा थोडी. पहिल्या खेपेला सासूबाई आणि मी, दुसऱ्या खेपेला बाकीचे. सासूबाई निघाल्या, पण देवांशिवाय निघेनात. म्हणून एका प्लॅस्टिकच्या बादलीत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक आणि एक शाळुंका अशी मंडळी बसवली आणि ती बादली माझ्या मांडीवर दिली. जिथं कोरडी जमीन लागली तिथं आम्हांला उतरवलं. सासूबाईंना कोणाच्या तरी ओळखीच्या गाडीतून पुढे पाठवलं. मी दुसऱ्या बोटीची वाट बघत तिथंच राहिलो. फोन बंद पडलेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत चप्पल एकच, तीन दिवसांची दाढी, आणि हातात देवांची बादली. समोर एक चांगली चार मजल्यांची इमारत होती. मी तिच्या पायरीवर बसलो.

अर्धा तास गेला असेल. आतून दार वाजलं, आणि त्या क्षणी मला पुढचा प्रश्न ऐकू आला. कारण तो मी स्वतः ठरावात लिहिलेला होता. मी बादली उचलून उठायच्या तयारीत होतो. चाळिशीची एक बाई बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं, बादलीत बघितलं, बाळकृष्णाला नकळत हात जोडले आणि म्हणाली, "काका, च्या ठेवलाय. साखर चालतीय न्हवं?"

मला मधुमेह आहे. मी "चालतीय" म्हटलं.

दोन तास मी त्या पायरीवर बसलो. ती बाई कोण, मला माहीत नाही. मी कोण, तिनं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की न विचारणं हीसुद्धा माणसाला देण्यासारखी वस्तू आहे. अन्न, वस्त्र वगैरे नंतर.

पाणी उतरल्यावर, चिखल काढून झाल्यावर मी घरी हे सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी आमच्या सातारच्या ओट्यावर आलो. आजोबा, त्यांचा नियम, पाणी आणू का. "तो काळच वेगळा," असं मी म्हणालो. चांगली गोष्ट संपवताना हे वाक्य म्हणावं लागतं.

सौभाग्यवती लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या ओट्यावर मी कधी बसले होते का हो?"

मी आठवून बघितलं. लग्न होऊन आल्यावर ती ओट्यावर कधीच बसली नव्हती. आई बसली नव्हती. आजी दाराच्या आत उंबऱ्यापाशी बसायची, ओट्यावर नव्हे. "आणि आमच्या चौकातला कट्टा," ती पुढे म्हणाली, "तिथं पोरं बसलेली असली की आम्ही मुली देवळाला लांबून जायचो. बसणाऱ्याला मोकळी जागा, जाणाऱ्याला नाही."

यावर उत्तर नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या खोलीत गेलो. पण एकदा पेव उघडलं की हवा बाहेर येतेच. मला आठवलं, आमची आळी झाडणारी एक बाई होती. रोज सकाळी यायची. ती ओट्यावर बसत नसे. ओट्याच्या खाली, गटाराच्या कडेला उकिडवी बसे. तिचा कप बाहेरच्या कोनाड्यात असे, कान तुटलेला. आजी वरून चहा ओती. आजोबा ओट्यावर तपकीर ओढत बसलेले असत. "पाणी आणू का?" हा नियम त्यांनी तिच्यासाठी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. आणि मलाही त्यांना विचारावंसं वाटलं नाही. इतका तो ओटा सगळ्यांचा होता!

त्यानंतर काही दिवसांनी साताऱ्याला जायचं होतं. मी आगगाडीनं गेलो. सांगलीहून साताऱ्याला जाताना कऱ्हाड मागे पडलं की मसूर लागतं. या लायनीनं मी आयुष्यात कमीत कमी दोनशे वेळा गेलो असेन, आणि मसूरला काय मिळतं तर शेंगा, एवढीच माझी माहिती होती. या खेपेला मी खिडकीतून फलाट बघत राहिलो.

१९०१ साली या फलाटावर काही मुलं उतरली होती. साताऱ्याहून आली होती. चांगले कपडे घालून, वडिलांकडे सुट्टीला निघालेली. त्यांतला एक मुलगा भीमराव आंबेडकर. त्याच्या आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं होतं. तिथं तो इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता. वडिलांना कळवलेला निरोप पोहोचला नव्हता, त्यामुळे मुलांना न्यायला कोणीच आलं नाही. सगळे उतारू निघून गेले, मुलं फलाटावर वाट बघत बसली. बराच वेळ त्यांना कोणी काही म्हणालं नाही. मग स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, तुम्ही कोण? मुलांनी खरं ते सांगितलं, आणि मास्तर दचकून मागे सरले. पुढे दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं. जवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिलं नाही. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्यात केस कापायला न्हावी मिळत नसे आणि थोरली बहीण केस कापत असे, हेही त्यांनी तिथंच लिहिलं आहे.

प्रश्न विचारला जाईपर्यंत तो फलाट सगळ्यांचा होता. विचारल्याबरोबर तो राहिला नाही. फलाट तोच, फरशी तीच.

तसं पाहिलं तर याच्या किती आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला होता. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या करण्याचा ठराव पास करून घेतला. आणि तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साल उजाडावं लागलं, महाडला सत्याग्रह करावा लागला. ठरावानं जागा खुली होते, पण ठरावाच्या शेजारी "कोण पाहिजे?" विचारणारा उभा असला तर ती पुन्हा बंद होते. आमच्या सोसायटीचा ठराव आणि हा इतिहास यांची बरोबरी मी करत नाही. पण प्रश्न त्याच घराण्यातला आहे, एवढं मला गाडीत बसल्या बसल्या ओळखू आलं. नातेवाईक ओळखायला फार वेळ लागत नाही, विशेषतः तो आपल्याच घरी राहत असला तर.

तेव्हा मधली जागा कोणाची? "सरकारी" म्हणजे कोणाचीच नाही असं आपण धरतो आणि तिथं कचरा टाकतो. "सार्वजनिक" म्हणजे कोणत्या तरी मंडळाची असं धरतो आणि तिथून वळसा घालून जातो. "आपली" म्हटली की कुंपण घालतो. मला वाटतं, जिथं बसण्यासाठी कारण सांगावं लागत नाही ती जागा सगळ्यांची. आणि आमच्या घरातून आलेली दुरुस्तीही मला मान्य आहे, की जिथून जाताना कोणाला पदर सावरावा लागत नाही, तीच. बसणाऱ्यानं वाटेइतकीच नजरही सोडून बसावं. हे अवघड आहे, मला मान्य आहे. पिचकाऱ्या आहेत, बाटल्या आहेत, सायकली जातात. पण पिचकारी मारणाऱ्याला पिचकारीबद्दल विचारावं. बसणाऱ्याला बसल्याबद्दल विचारू नये.

पुढच्या सभेत मी बाक परत आणण्याचा ठराव मांडला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण अनुमोदन तुम्हीच दिलं होतं!" मी म्हटलं, "म्हणून तर." दीड तास चर्चा झाली. एका सभासदानं दुरुस्ती सुचवली, की बाक जरूर ठेवावं, परंतु त्यावर कोणी बसू नये. ही दुरुस्ती एका मतानं पडली. ते एक मत सौभाग्यवतींचं. बाक पुन्हा कडुलिंबाखाली आलं. मोटार हलवली, ती आता फाटकाबाहेर रस्ता अडवून बसते. दुपारी बायका पुन्हा डबा सोडायला लागल्या, आणि एके दिवशी आमच्या घरातली लसूण-परडीही त्यांच्यात जाऊन बसली.

म्हातारा मात्र आला नाही. मी तीनच्या सुमाराला खाली उतरतो आणि बाकाच्या एका टोकाला बसतो, दुसरं टोक मोकळं ठेवून. तो कुठला, त्याचं नाव काय, कोणालाच माहीत नाही. चौकशी करायची तर आम्ही चौकशी फक्त त्याला घालवण्यापुरतीच केली होती.

परवा असाच बसलो होतो. एक पोरगा पार्सल घेऊन आला. नवीन असावा, पत्ता शोधत होता. इकडेतिकडे बघत माझ्यापाशी थांबला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "आजोबा, कोण पाहिजे?"

मी म्हटलं, "कोणी नाही रे. बसलोय." आणि बाकाकडे हात करून विचारलं, "पाणी आणू का?"

तो घाईत होता. पण बसला.